शिणवटा, धातूंचा : भेगवाढीचे परीक्षण

एकदाच दिलेला भार सहज पेलणारा धातूचा भाग तोच भार लक्षावधी वेळा येत-जात राहिल्यास तुटतो. या क्रियेस धातूचा शिणवटा म्हणतात. नागपूर–हैदराबाद मार्गावर पांढरकवड्यावरून (जि. यवतमाळ) जाणाऱ्या मालमोटारीच्या कमानपाट्यांतील प्रतिबल प्रत्येक खाचखळग्यागणिक वाढते व उतरते. असा पाटा एखादे दिवशी सपाट रस्त्यावरही तुटतो; कारण त्यात बारीक भेग पूर्वीच पडलेली असते. भेग दर आवर्तनास किती वाढते, हे मोजणे म्हणजे भेगवाढ परीक्षण होय.

या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते रेल्वेच्या अपघातांनी. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या एंजिनाचा आस तुटून पन्नासहून अधिक माणसे दगावली. वापराने लोखंड स्फटिकमय व ठिसूळ होते, असा तेव्हा समज होता. आसाचा भंग पृष्ठभागापासून हळूहळू आत सरकतो, असे रँकिन यांनी १८४३ मध्ये दाखविले. जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी १८७० पर्यंत आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांतून किती प्रतिबलाला किती आवर्तने टिकतात हे कळले. तथापि भेग पडल्यानंतर किती अवधी उरतो, हे कळत नव्हते.

१९५४ मध्ये दोन ‘कॉमेट’ विमाने कोसळल्यावर फार्नबरो येथे एका विमानाची काया पाण्याच्या टाकीत ठेवून तिच्यावर पुनःपुन्हा दाब देण्यात आला. पूर्वीची उड्डाणे धरून ३,०५७ आवर्तनांनंतर ती फाटली. पुढे पॉल पॅरिस व सहकाऱ्यांनी भेगेच्या वाढीचा वेग प्रतिबल तीव्रतेच्या व्याप्तीवर अवलंबून असतो, असे मांडले. ही तीव्रता प्रतिबल व भेगेची लांबी या दोहोंवरून ठरते. प्रस्थापित नियतकालिकांनी नाकारलेला हा निबंध १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. पोलादात वेग साधारणपणे व्याप्तीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्याप्ती दुप्पट झाल्यास वेग सुमारे आठपट होतो. या परीक्षणाची अमेरिकी मानक पद्धत १९७८ मध्ये निघाली.

परीक्षणासाठी खाच पाडलेल्या नमुन्यात प्रथम आवर्ती भाराने तीक्ष्ण भेग निर्माण करतात. नंतर ठराविक आवर्तनांनी तिची लांबी सूक्ष्मदर्शकाने, खाचेच्या तोंडाच्या उघडण्यावरून किंवा विद्युत् विभवातील फरकावरून मोजतात. त्यावरून वेगाचा आलेख काढतात.

महाराष्ट्रात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत वाहनांच्या भागांचे शिणवटा परीक्षण होते. तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने चेन्नईच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्राच्या साहाय्याने अणुभट्ट्यांतील पोलादी नळांचे असे परीक्षण केले. खाच पाडलेल्या पूर्ण आकाराच्या नळावर आवर्ती भार देऊन भेग कशी वाढते ते पाहण्यात आले. भेग नळाची जाडी भेदून गेली, तरी नळ फुटण्याआधी गळती लक्षात यावी व अणुभट्टी बंद करता यावी, हा त्यामागील विचार होय.

आसाची श्राव्यातीत ध्वनीने तपासणी किती दिवसांनी करावी, हेही भेगवाढीच्या वेगावरूनच ठरविता येते. दिसू शकणारी सर्वांत लहान भेग घातक होण्यापूर्वी एकाहून अधिक तपासण्या व्हाव्यात, एवढे अंतर ठेवणे आवश्यक असते.