३ जानेवारी १९७७ : ‘समाजवादी’ राज्य आणि गोदावरी
बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या दिवशी उद्देशिकेत ‘समाजवादी’ शब्द आणला आणि पर्यावरणरक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवणारे कलम ४८अ-ही. आणीबाणीतली दुरुस्ती म्हणून ते कलम टाकाऊ ठरत नाही. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनेही ते कायम राखले. मार्गदर्शक तत्त्वांची सक्ती न्यायालयातून करता येत नाही, हा आक्षेप खरा. पण न्यायालयांनी हे कलम जगण्याच्या हक्काशी जोडून वाचले आहे. खरी अडचण गोदावरीकाठच्या नाशिकमध्ये दिसते. शहराच्या सांडपाण्याची जबाबदारी महापालिकेची, तिच्यावर देखरेख राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची. दोन्ही सार्वजनिक यंत्रणाच. यंत्रणा सार्वजनिक असली की नदी आपोआप जपली जाते, हे ‘समाजवादी’ गृहीतक इथे टिकले नाही. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये नागरिकांना जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालय गाठावे लागले.