किल्लीविना कुलूप उघडणाऱ्यास २०० गिनी! दोष शोधणाऱ्यांच्या इनामाचा इतिहास

१/८ लंडनमधील पिकाडिली. १७९० पासून जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले होते. ते किल्लीविना उघडणाऱ्यास २०० गिनींचे इनाम होते. १८५१ साली अमेरिकन कारागीर आल्फ्रेड हॉब्स याने ते उघडले. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले!

२/८ १० ऑक्टोबर १९९५ रोजी नेटस्केप कंपनीने ब्राउझरसाठी हीच वाट धरली. आदल्याच महिन्यात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी तिच्या सुरक्षाव्यवस्थेतील मोठी त्रुटी उघड केली होती. आता दोष दाखवणाऱ्यांना तिने बक्षिसे जाहीर केली.

३/८ २५ डिसेंबर १९९८. ‘फ्रॅक’ या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल याने टोपणनावाने लिहिले : संकेतस्थळावरील चौकटीत माहितीऐवजी आज्ञा लिहिली, तर डेटाबेस तीही निमूट पाळतो. हेच पुढे ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणून कुप्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टच्या मते ही अडचणच नव्हे, असे त्याने उपरोधाने नोंदवले.

४/८ ४ ऑक्टोबर २००५. सॅमी कामकारने मायस्पेसवरील आपल्या पानात छोटी आज्ञावली दडवली. पान पाहणाऱ्याच्या खात्यातही तिची प्रत उतरे. २० तासांच्या आत १० लाखांहून अधिक खाती बाधित झाली. या दोषाचे नाव ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’. न्यायालयाने त्याला ३ वर्षे परिवीक्षेखाली ठेवले.

५/८ २०१० मध्ये गूगलने आपल्या संकेतस्थळांतील दोषांसाठी, तर २०११ मध्ये फेसबुकने इनामी योजना सुरू केली. दोषशोधकाला राजमार्ग लाभला.

६/८ २०१५ मध्ये एका भारतीय तरुणाने दाखवून दिले, की विनंतीतील अल्बमचा क्रमांक बदलला की फेसबुकवरील परक्याचा अल्बमही पुसता येतो. क्रमांक कोणाचा, हे तपासलेच जात नव्हते! त्याने दोष कळवला. सुमारे २ तासांत दुरुस्ती झाली आणि १२,५०० डॉलरचे इनाम मिळाले.

७/८ तिन्ही दोषांचे मूळ एकच : बाहेरून आलेल्या मजकुरावर ठेवलेला आंधळा विश्वास.

८/८ कौशल्य कामकारपाशीही होते आणि त्या तरुणापाशीही. फरक होता तो अनुमतीचा. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे (२०००) कलम ४३ नेमके याच शब्दावर उभे आहे. हॉब्सने कुलूप उघडले, पण मालकाने दिलेले आव्हान स्वीकारून. म्हणूनच इतिहासाने त्याला चोर म्हटले नाही.