वसईचा परवाना आणि खिशातील पाळत

वसईचा किल्ला म्हटला, की आपणांस १७३९ साल आणि चिमाजी अप्पा आठवतात. परंतु त्याआधी दोनशे वर्षांची एक हकीकतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहात अशी अट होती, की गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे निघालेल्या जहाजांनी वसईस येऊन परवाना घ्यावा आणि परततानाही येथेच येऊन जकात भरावी. या परवान्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसलेले जहाज सापडले तर जप्त होई. समुद्र सर्वांचा, पण जाण्यायेण्याचा हिशेब मात्र एका सत्तेला द्यावयाचा!

पुढे इंग्रजांनी हीच नजर माणसांकडे वळविली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतील माणसे जन्मतःच संशयित ठरली. हजेरी त्यांच्या पाठीस लागली. गाव सोडावयाचे तर परवाना लागे. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पाळत गेली नाही. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे रात्री घरी येणे घटनाबाह्य ठरविले. हालचालींवरील नजर मात्र कायम ठेविली. न्या. सुब्बा राव व न्या. शहा यांना हे मान्य नव्हते. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगावयास २०१७ साल उजाडले.

आज विरारहून चर्चगेटला निघालेल्या गृहस्थाचा मोबाईल वाटेतील मनोऱ्यांना वेळोवेळी आपला ठावठिकाणा सांगत जातो. त्यात कपट नाही. फोन कोणत्या टापूत आहे हे कळल्यावाचून त्यावर कॉल पोहोचणार कसा? प्रश्न आहे तो मागे उरणाऱ्या नोंदीचा. २०२१ मध्ये सरकारने कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवण्यास सांगितले.

८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात निर्णय दिला, की आरोपीच्या हालचाली पोलिसांना सतत दिसत राहाव्यात, अशी जामिनाची अट घालता येणार नाही. न्या. ओक यांनी वकिलीस प्रारंभ केला तो ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. आपली वसईही २०१४ पर्यंत त्याच जिल्ह्यात होती.

हरवलेले मूल अशाच नोंदीमुळे सापडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नोंद कोण पाहतो, कोणाच्या हुकुमाने आणि किती दिवस, हे विचारण्याचा हक्क नागरिकाने सोडू नये. कार्ताझ घेणाऱ्या नाखव्याला आपण परवाना घेत आहोत, एवढे तरी ठाऊक असे. आपणांस ते ठाऊक असते काय?