कागदावर जन्मलेला उंदीर

वर्गात मुलांना ‘जगात नसलेला एक प्राणी काढा’ असे सांगून पाहावे. वाघाचे तोंड, गरुडाचे पंख, मगरीची शेपटी अशी जोडाजोड हमखास कागदावर उतरते. आपल्या देवळांच्या खांबांवरचे व्याल आणि मकर असेच घडले आहेत. चित्र झकास असते. पण दोन प्रश्न विचारले की मुले गप्प होतात. हा प्राणी खातो काय? आणि त्याचे पूर्वज कसे होते? या प्रश्नांची उत्तरे आधी शोधून मग प्राणी कल्पायचा, ही रीत उत्क्रांतिवादाबरोबर आली. तिचा इतिहास गमतीचा आहे, आणि निदान एकदा तरी असा कल्पनेतला प्राणी खराच निघाला.

सुरुवात फारशी चांगली झाली नाही. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात चार्ल्स डार्विनने उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाचे उदाहरण दिले होते. हे अस्वल तोंड उघडे ठेवून तासन्‌तास पोहते व पाण्यातले कीटक गिळते, असे हर्न या प्रवाशाने नोंदवले होते. नैसर्गिक निवडीने अशी अस्वले अधिकाधिक जलचर होत गेली, तर शेवटी देवमाशासारखा प्रचंड प्राणी तयार होण्यात मला काही अडचण दिसत नाही, असे डार्विनचे म्हणणे. टीकाकारांनी एवढेच वाक्य धरून त्याची टर उडवली. १८६०च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने देवमाशाचा भाग गाळून टाकला. वास्तविक अस्वल चुकीचे होते, विचार नव्हे. देवमासे चार पायांच्या जमिनीवरील प्राण्यांपासूनच आले. त्यांचा एक जवळचा नातलग, मांजराएवढा आणि खुरांचा ‘इंडोह्यूस’, आपल्याकडे जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या खडकांत मिळाला. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जमवून ठेवलेल्या त्या दगडांतूनच हे नाते २००७ साली उलगडले.

शंभर वर्षांनी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेरोल्फ श्टायनर यांनी हीच रीत थट्टेसाठी वापरली. १९६१ साली ‘हाराल्ड श्ट्युम्प्के’ या खोट्या नावाने त्यांनी एक ग्रंथ काढला. विषय होता पॅसिफिक महासागरातील हाय-आय-आय बेटांवरचे, नाकावर चालणारे सस्तन प्राणी. कुणी नाकावर उड्या मारतो, कुणी नाकातून चिकट धागे पाण्यात सोडून बारीक जलचर पकडतो, तर कुणी कान फडफडवत उलटा उडतो. शास्त्रीय नावे, शरीररचनेच्या आकृत्या, संदर्भांची यादी असा सारा थाट चोख. गुप्त अणुचाचणीमुळे ती बेटे समुद्रात बुडाली, असेही शेवटी सांगून टाकले, म्हणजे कुणी शोधायला जायला नको! पण हा नुसता विनोद नाही. एकच अवयव घेऊन, भक्ष्य आणि जागा बदलत गेली तर त्याची किती रूपे होतील, हे यात नीट दिसते. गॅलापॅगॉसच्या फिंच पक्ष्यांच्या चोचींवरचा धडा शिकवताना या नाकांची मदत होते, असा माझा अनुभव आहे.

१९८१ साली डूगल डिक्सन या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात माणूस नाहीसा झाल्यानंतर पाच कोटी वर्षांनीचे प्राणी रंगवले. हरणांची जागा सशांच्या वंशजांनी घेतली आहे, लांडग्यांची उंदरांच्या. पुस्तक देखणे आहे. पण ते खरे की खोटे हे तपासायला कुणी उरणार नाही, हीच त्याची उणीव.

तपासता येईल असा प्राणी त्याआधीच कल्पिला गेला होता. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले रिचर्ड अलेक्झांडर हे रातकिड्यांचे अभ्यासक. मुंग्या, मधमाश्या, वाळवी यांच्यात एक राणी प्रजनन करते आणि असंख्य कामकरी स्वतःची संतती न वाढवता तिच्यासाठी राबतात. पृष्ठवंशी प्राण्यांत असे का दिसत नाही, हा त्यांना पडलेला प्रश्न. मधमाशी-मुंग्यांत नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्यामुळे बहिणींचे नाते विशेष जवळचे असते, असे एक उत्तर तेव्हा प्रचलित होते. वाळवीत मात्र नर आणि मादी दोघेही आपल्यासारखेच आई-बापांपासून जन्मतात, तरी तिचे राज्य चालते. मग कारण राहणीत शोधायला हवे. वाळवी ओंडक्यात राहते : तेच घर, तेच अन्न, तोच किल्ला, आणि कुटुंब वाढेल तसे घरही वाढवता येते.

सस्तन प्राण्याला असे घर कुठे मिळेल? ओंडका पुरणार नाही, म्हणून जमिनीखाली. तिथे राहणारे बहुतेक सस्तन प्राणी कुरतडणारे, म्हणून हाही त्यांतलाच. अन्न एका ठिकाणी भरपूर हवे, म्हणजे मोठाले कंद. वनस्पती असे कंद साठवतात ते पावसाळा संपला की लांबलचक कोरडा काळ आणि वणवे येतात अशा उष्ण प्रदेशात. तिथली चिकणमाती उन्हाने कडक होते, त्यामुळे बीळ खणून आत येणे भक्षकांना अवघड. येऊ शकेल तो साप, आणि बिळाच्या अरुंद तोंडाशी एकाने जीव धोक्यात घातला तर बाकीचे वाचतील. अलेक्झांडर यांनी आफ्रिकेतील विरळ झाडीच्या प्रदेशाचेही नाव घेतले होते. असा प्राणी आहे, असा त्यांचा दावा मात्र नव्हता.

१९७६ साली अ‍ॅरिझोनातील एका व्याख्यानात त्यांनी हे वर्णन केले, तेव्हा श्रोत्यांमधील टेरी व्हॉन या सस्तन प्राण्यांच्या तज्ज्ञांनी सांगितले की, हे तर आफ्रिकेतल्या ‘नेकेड मोल रॅट’चे हुबेहूब वर्णन आहे! अलेक्झांडर यांनी केपटाउनच्या जेनिफर जार्व्हिस यांच्याशी संपर्क साधला. त्या कित्येक वर्षे हे प्राणी अभ्यासत होत्या, आणि त्यांच्या वसाहतीत एकच मादी विते हे त्यांनी पाहिले होते. १९८१ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला : सस्तन प्राण्यांतही राणी आणि कामकरी असतात.

एक दुरुस्ती हवी. एडुआर्ड रूपेल यांनी या प्राण्याची शास्त्रीय नोंद १८४२ सालीच केली होती. म्हणजे तर्काने प्राणी शोधला नाही, त्याचे सामाजिक जीवन ओळखले. माझ्या मते हे अधिक कठीण काम आहे, कारण बिळातले जीवन वर्णनातून किंवा संग्रहालयातल्या कातड्यातून कळत नाही.

आणि तर्कातून न निघालेल्या गोष्टी उरल्याच. इथिओपिया, सोमालिया, केनिया येथे राहणारा हा बोटाएवढा प्राणी जवळजवळ केसविरहित आहे. खणताना माती तोंडात जाऊ नये म्हणून त्याचे ओठ दातांच्या मागे मिटतात. मोठा कंद सापडला की तो आतून पोखरतो, पण साल ठेवतो आणि कंद पुन्हा वाढू देतो. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, याचे मात्र तीस वर्षांहून अधिक. ते का, याचा शोध प्रयोगशाळांत अजून चालू आहे.