नळी मोकळी, तरी छाती जड

“सर, नळी तर मोकळी झाली ना? मग आता काय दुखते?” आमच्या कळमन्यात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. स्टेंट बसवून आठ महिने झाले. तरी मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत चालत गेलो की छातीच्या मधोमध जडपणा येतो आणि उभा राहिलो की ओसरतो. पुन्हा तपासणी झाली, स्टेंट उघडा आहे. एका डॉक्टरांनी तर ‘आता मनातून काढून टाका’ असेही सांगितले. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, म्हणून या दुखण्याचाही इतिहास वाचून काढला. वाचल्यावर लक्षात आले की नळी आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच धरून चालतो.

या दुखण्याचे नीट वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी १७६८ मध्ये केले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते. थांबले की बरे वाटते. त्यांच्याजवळ ना ईसीजी होता, ना अँजिओग्राफी. त्यांनी रोग्यांचे ऐकून घेतले, लिहून ठेवले आणि ‘अँजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले. म्हणजे हा रोग आधी ओळखला गेला तो रोग्याच्या बोलण्यावरून!

पण मित्रहो, नुसत्या बोलण्यावर विसंबूनही चालत नाही. १९३९ मध्ये इटलीत छातीच्या आतली एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया निघाली. त्यामुळे हृदयाकडे जास्त रक्त वळेल, अशी कल्पना. १९५० च्या दशकात ती अमेरिकेत गाजली, कारण रोगी आराम पडल्याचे सांगत. १९५९ मध्ये लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रोग्यांवर पडताळा घेतला. काहींची धमनी खरोखर बांधली, काहींना वरवरचा छेद देऊन टाके घातले. आराम दोन्ही गटांना सारखाच! ती शस्त्रक्रिया मागे पडली.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये एक विलक्षण कल्पना मांडली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात रक्त आतल्या पोकळीतून थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयाच्या स्नायूलाही सुईने छिद्रे पाडून तसे का करू नये? पुढे परदेशात हेच काम लेसरने होऊ लागले. रोग्यांना आराम वाटे. पण नळीतून केलेल्या लेसरची लटक्या उपचाराशी तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दोहोंत फरक दिसला नाही.

दरम्यान १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून ती रुंद केली. १९८६ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात झाक प्युएल यांनी पहिला स्टेंट बसवला. हार्ट अ‍ॅटॅक आलेला असताना हा उपचार जीव वाचवतो, यात शंका नाही. आपल्या सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा आमच्यासारख्या पेन्शनरांनाही हायसे वाटले.

त्याच वर्षाच्या शेवटी इंग्लंडमधला ‘ऑर्बिटा’ अभ्यास आला. अ‍ॅटॅक नसलेल्या, चालताना छाती दुखणाऱ्या २०० रोग्यांना आधी भरपूर औषधे दिली. मग निम्म्यांना स्टेंट आणि निम्म्यांना नुसताच देखावा. सहा आठवड्यांनी चालण्याच्या क्षमतेत ठोस फरक नाही! २०२३ मध्ये ३०१ रोग्यांचा दुसरा अभ्यास आला, यात छातीदुखीची औषधे बंद ठेवली होती. या वेळी स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला. तरीही पूर्ण दुखणे गेले ते स्टेंटवाल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांचे. म्हणजे मी एकटा नाही, बाप्पा!

याची कारणे अनेक. मोसमात कळमन्याचा मोठा रस्ता मोकळा असला, तरी आतल्या गल्ल्यांत मिरची-संत्र्यांच्या गाड्या अडकतातच ना? हृदयातही अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या पुरेशा फाकत नाहीत. कधी धमनी आकसते. कधी स्टेंटने ताणलेली भिंत सुरुवातीला दुखते. कधी कारण पित्ताचे किंवा बरगडीच्या स्नायूचे असते. आणि कधी स्टेंट पुन्हा अरुंद होतो, म्हणून तपासणी टाळायची नाही.

मी एक वही केली आहे. किती पावलांवर दुखले, जेवणानंतर की आधी, किती मिनिटांत थांबले, सारे लिहितो. ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचली आणि एक गोळी बदलून दिली. आता जडपणा थोडा उशिरा येतो.

माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगणे: दुखते म्हणून वैतागून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बसल्या जागी दुखू लागले, घाम फुटला, दम लागला तर वहीत लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प राहू नका. रिपोर्ट नळीचा असतो, दुखणे आपल्यालाच सांगावे लागते.