पाळी, पिशवी आणि संमती : शिरूर १९९४

विषय वाचून काहींना वाटलं असेल की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींचं वयात येणं हा डॉक्टरांचा किंवा विशेष शिक्षकांचा प्रांत. इतिहासाचा इथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो इथे पुण्यातच घडलेला आहे.

फेब्रुवारी १९९४. शिरूरला मतिमंद मुलींसाठी एक सरकारी संस्था होती. 'मतिमंद' हा त्या काळचा शब्द, म्हणून वापरतो. तिथल्या दहाहून अधिक मुली आणि तरुण स्त्रियांना ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर 'पिशवी काढली'. कारण कर्करोगाचं नव्हतं, गाठीचं नव्हतं. कारण होतं मासिक पाळी. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले, देशभर बातम्या झाल्या, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

आता समर्थनाची बाजू नीट ऐकून घेऊ, कारण ती बोलणारे काही राक्षस नव्हते. त्यांचं म्हणणं असं : या मुलींना पाळीतली स्वच्छता जमत नाही, कर्मचारी थोडे, पालक थकलेले, मग एकदाच सुटका का नको?

विरोधकांचं उत्तर तीन पदरी होतं. एक, जी मुलगी शौचाला जाणं शिकते, ती पॅड बदलणंही शिकू शकते. कामाचे छोटे टप्पे पाडायचे, चित्रं दाखवायची, रोज तेच तसंच करून घ्यायचं. वेळ लागतो, माणूस लागतो, पण जमतं. जिला जमणार नाही, तिला मदतनीस द्यायचा. दोन, पिशवी काढल्याने वयात येणं थांबत नाही. बीजकोश शाबूत असतात, संप्रेरकं आपलं काम करतात. शरीर बदलतं, आकर्षण वाटतं. तिसरा मुद्दा सर्वांत कडू. पिशवी काढून अत्याचार टळत नाही, फक्त गर्भ राहत नाही. म्हणजे जी बोलून सांगू शकत नाही, तिच्यावरच्या अत्याचाराचा दिसणारा पुरावा तेवढा नाहीसा होतो.

याच्या मागे थोडं जाऊ. अमेरिकेत १९२७ साली कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. तिला 'मंदबुद्धी' ठरवलं होतं. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की तशी ती नव्हतीच, आणि तिचं मूल बलात्कारातून झालेलं होतं. तिथे भीती आनुवंशिकतेची होती, शिरूरला अडचण स्वच्छतेची. कारणं वेगळी. पण दोन्हीकडे संस्थेत ठेवलेल्या मुलीच्या शरीराचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला.

आपल्याकडे कायदा हळूहळू सरकला. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. प्रजननक्षमता टिकवण्याचा हक्क त्यात आहे. २००९ साली चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. तिला मूल हवं होतं. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आलं : वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय नाही.

या सगळ्यात मुलगे कुठे आहेत? त्यांची पिशवी कोणी काढायला जात नाही, म्हणून त्यांचा इतिहासही फारसा लिहिला गेला नाही. मुलगा चारचौघांत हात पँटीत घालतो, तेव्हा त्याला रागावतात, कोंडतात. हे खोलीत, दार लावून करायचं असतं, एवढं साधं वाक्य त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

कायद्याने शस्त्रक्रियेला चाप बसला. पण १९९४ साली ज्या गोष्टी नव्हत्या, म्हणजे पुरेसे मदतनीस, शिकवायला वेळ, थकलेल्या आईला चार दिवसांची उसंत, त्या कलमातून आपोआप येत नाहीत. त्या अंदाजपत्रकात घालाव्या लागतात. शिरूरचा विषय निघाला की आपण डॉक्टरांबद्दल बोलतो; अंदाजपत्रकाबद्दलही बोलायला हवं.