स्वस्त शिलाई आणि लवचिकतेचे मोल

वस्त्रांचा इतिहास आपण बहुधा पेहरावाचा इतिहास म्हणून वाचतो. वास्तविक तो शिवणाऱ्या हातांच्या शोधाचाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील तयार कपड्यांची शिलाई स्वस्त मजुरीसाठी आशियात गेली. १९७४ च्या मल्टिफायबर करारान्वये निर्यातीवर देशवार कोटे आले, तेव्हा उद्योजक कोटा नसलेल्या देशांकडे वळले. १९७९ मध्ये बांगलादेशच्या 'देश गार्मेंट्स'ने १३० जणांना दक्षिण कोरियातील देवू कंपनीत प्रशिक्षणास पाठविले, ते याच ओघात.

मजुरी वाचली, पण अंतर वाढले. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागे. म्हणजे पुढील हंगामातील लोकांची आवड आधीच ताडावी लागे. अंदाज चुकला की उरलेला माल पडत्या भावाने काढायचा. शिलाईत वाचलेले पैसे असे निसटून जात.

स्पेनमधील अमान्सिओ ओर्तेगा यांनी १९७५ मध्ये 'झारा'चे पहिले दुकान उघडले आणि पुढे निराळी विभागणी रूढ केली. स्थिर मागणीचे साधे कपडे आशियातून आणायचे. क्षणभंगुर फॅशनचे कपडे मात्र गॅलिशिया व पोर्तुगालमधील जवळच्या शिवणघरांत शिवून घ्यायचे. काही कापड न रंगवताच राखून ठेवायचे आणि दुकानांत आठवड्यातून दोनदा माल धाडायचा. महाग मजुरी परवडली, कारण पडून राहणारा माल घटला.

या रचनेचे कौतुक योग्यच आहे. परंतु बाजाराची अनिश्चितता नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी पदरी पडते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. इमारतीला आदल्या दिवशीच तडे गेले होते, तरीही कामगारांना कामावर बोलावले गेले. त्यानंतरच्या सुरक्षा-कराराने कारखान्यांची तपासणी बंधनकारक केली. मागणी रद्द करण्याच्या खरेदीदारांच्या मुभेला मात्र हात लावला नाही. २०२० च्या महामारीत तेथील सुमारे ३ अब्ज डॉलरच्या मागण्या रद्द वा स्थगित झाल्या. बऱ्याच पुढे पुन्हा स्वीकारल्या गेल्या, पण मधल्या काळातील झळ कामगारांनी सोसली.

'लवचिक' हे विशेषण व्यवस्थापनशास्त्र पुरवठ्याला लावते. त्या लवचिकतेसाठी प्रत्यक्षात कोण वाकते, हे विचारल्यावाचून समतोलाचा हिशेब पुरा होत नाही.